द्राक्षबागेतील टेलिमेट्री आणि चांगल्या चॅनलची निवड

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील ज्या छोट्या युनिटमध्ये मी काम करतो, तेथे यंत्रांवरचे सेन्सर आणि त्यांची मोजमापे दूर पोचवणारी उपकरणे तयार होतात. एका हंगामात आमच्याकडे द्राक्षबागेतील फवारणीचे काम आले. ट्रॅक्टरमागच्या ब्लोअरचा दाब, नोझलमधून जाणाऱ्या द्रावणाचा प्रवाह, ट्रॅक्टरमागच्या यंत्राला शक्ती देणाऱ्या पीटीओ दांड्याचे फेरे आणि ट्रॅक्टरचा वेग ही चार मोजमापे बागेच्या शेडमधील पडद्यावर त्या त्या क्षणी दिसावीत आणि कोणत्या ओळीला किती द्रावण मिळाले याची नोंद राहावी, एवढीच मागणी होती. बाग निफाड तालुक्यात, मुंबई-आग्रा महामार्गापासून फार आत नसलेली. ट्रान्समीटर ट्रॅक्टरवर बसवायचा आणि रिसीव्हर शेडच्या छपरावरील खांबापाशी, असे ठरले.

लहरींचा पट्टा निवडताना फारसा विचार करावा लागला नाही. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा तेव्हा आपल्याकडे परवान्याशिवाय वापरता येत होता (२०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढवला गेला). ट्रान्समीटरची शक्ती १ वॅटपर्यंत, अँटेना धरून प्रत्यक्ष बाहेर पडणारी शक्ती ४ वॅटपर्यंत आणि रुंदी २०० किलोहर्ट्झपर्यंत, एवढ्या मर्यादा पाळाव्या लागतात. आम्ही १०० मिलिवॅट शक्ती, सेकंदाला ५० हजार बिट हा वेग आणि ३२ बाइटची फ्रेम, म्हणजे एका वेळी पाठवायचा मोजमापांचा गठ्ठा, ठरवली. अशी एक फ्रेम हवेतून जायला सुमारे ५ मिलिसेकंद लागतात आणि सेकंदाला २० फ्रेम पाठवल्या, तर दोन फ्रेमच्या आरंभांमध्ये ५० मिलिसेकंदांचे अंतर राहते. हे आकडे आधीच सांगतो आहे, कारण पुढे चॅनल, म्हणजे सिग्नल घेणारी अँटेना-रिसीव्हरची वाट, निवडण्याचा सगळा खेळ याच अंतरांवर चालला.

ऑक्टोबर छाटणीनंतर बाग उघडी असताना एक अँटेना आणि एक रिसीव्हर एवढ्यावर काम जवळजवळ निभावत होते. फुटी वाढल्या, मांडव पानांनी भरला आणि डाऊनी या द्राक्षांवरील रोगाच्या भीतीने फवारण्यांची घाई सुरू झाली, तशी पडद्यावरची रेघ तुटू लागली. बागमालक शांतपणे म्हणाले, "साहेब, ट्रॅक्टर ओळीच्या टोकाला येतो तेव्हाच तुमच्या पडद्यावर दिसतो. मधे काय मारलं ते आम्ही सांगायचं, का तुमच्या यंत्रानं?"

प्रश्न रास्त होता. ८६६ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर भरते. ट्रॅक्टरवरून निघालेली लहर रिसीव्हरपर्यंत एकाच वाटेने येत नाही. मांडवाच्या तारा, लोखंडी अँगल, शेडचे पत्रे, शेजारच्या ट्रॉलीचे फळके अशा अनेकांवरून परावर्तित होऊन तिच्या प्रती वेगवेगळे अंतर कापत येतात. काही ठिकाणी त्या एकमेकींना पूरक ठरतात, तर काही ठिकाणी एकमेकींना पुसून टाकतात. अशी पुसली जाणारी ठिकाणे, म्हणजे सिग्नलचे खड्डे, ढोबळमानाने अर्ध्या लहरलांबीवर, म्हणजे १७ सेंटिमीटरच्या आसपास पुन्हा पुन्हा येतात. पानांतले पाणी लहर शोषून घेते, त्यामुळे मुळातला सिग्नलच कमजोर होतो आणि उघड्या बागेत जे खड्डे सहज ओलांडले जात होते, ते आता फ्रेम गिळू लागतात.

फवारणी करताना ट्रॅक्टर ताशी साडेचार किलोमीटरच्या आसपास चालतो, म्हणजे सेकंदाला सव्वा मीटर. दोन फ्रेमच्या दरम्यान तो सहा सेंटिमीटर पुढे सरकतो. खोल खड्डा काही सेंटिमीटरचाच असल्याने चालता ट्रॅक्टर तेथे एखादीच फ्रेम गमावतो, आणि तेवढ्याने कोणाचे काही बिघडत नाही. पण नोझल तुंबली की ड्रायव्हर ट्रॅक्टर थांबवतो. थांबलेली जागा नेमकी खड्ड्यात असली, तर तो तेथून हलेपर्यंत एकही फ्रेम पोचत नाही. आणि नोझल तुंबल्यावर दाब कसा बदलला, हेच तर सर्वांना पाहायचे असते.

यावरचा उपाय रेडिओच्या क्षेत्रात जुना आहे. बेव्हरेज आणि पीटरसन या अमेरिकी अभियंत्यांनी आरसीए कंपनीच्या रेडिओ-तारसेवेसाठी एकमेकांपासून दूर उभारलेल्या अनेक अँटेनांवरून एकच संदेश घेण्याची पद्धत १९३१ मध्ये प्रसिद्ध केली होती. एका जागी सिग्नल बुडतो तेव्हा दुसऱ्या जागीही त्याच क्षणी बुडेलच असे नाही, एवढ्यावर ती पद्धत उभी आहे. दोन्ही चॅनल प्रत्येकी दहा टक्के वेळ निकामी असतील आणि त्यांचे बुडणे एकमेकांवर अवलंबून नसेल, तर दोन्ही एकदम निकामी असण्याची वेळ एक टक्क्यावर येते. पुढे १९५९ मध्ये ब्रेनन या संशोधकांनी सर्वांत चांगला चॅनल निवडणे, सगळे सारख्या वजनाने मिळवणे आणि प्रत्येकाला त्याच्या गुणवत्तेनुसार वजन देऊन मिळवणे या पद्धतींची गणिती तुलना मांडली. तिसरी पद्धत सर्वांत सरस, पण तिच्यासाठी रिसीव्हरच्या आतला कच्चा सिग्नल हाती असावा लागतो. आम्ही वापरत असलेली रिसीव्हर चिप फक्त शून्य आणि एक असे तयार बिट देत होती, म्हणून आमच्यापुढे निवडीचाच मार्ग होता.

सर्वांत स्वस्त व्यवस्था म्हणजे एक रिसीव्हर, दोन अँटेना आणि मध्ये एक इलेक्ट्रॉनिक स्विच. फ्रेमच्या आरंभी येणारे ओळखीचे बिट चालू असतानाच दोन्ही अँटेना आळीपाळीने ऐकायच्या आणि जोरदार असेल ती धरायची. ६४ बिटांचा आरंभ सव्वा मिलिसेकंद चालतो आणि तेवढ्यात दोन्हीकडे ऐकून होते. परंतु स्विच फिरल्यावर रिसीव्हरला पुन्हा स्थिर व्हायला वेळ लागतो आणि आरंभाचे बिट त्यातच खर्च होतात. शिवाय एका अँटेनावर ऐकत असताना दुसरीवर काय चालले आहे, ते कधीच कळत नाही. रिसीव्हर चिपची किंमत पाहता ही काटकसर आम्हांला पटली नाही आणि प्रत्येक अँटेनाला स्वतंत्र रिसीव्हर द्यायचे ठरले. चॅनल 'अ' खांबाच्या टोकाला, उभ्या अँटेनाचा. चॅनल 'ब' त्याच खांबावर मीटरभर खाली, आडव्या अँटेनाचा. पुस्तकी नियम अर्ध्या लहरलांबीचे अंतर पुरेसे मानतो, पण तो चोहोबाजूंनी परावर्तन होत असताना लागू पडतो. येथे परावर्तन करणाऱ्या वस्तू बहुतेक ट्रॅक्टरच्या आसपास होत्या आणि खांबावर लहरी जवळजवळ एकाच दिशेने येत होत्या; अशा वेळी अंतर बरेच वाढवावे लागते, आणि दिशेत फरक केला तर अधिक उपयोग होतो. उभ्या अँटेनातून निघालेली लहर तिरक्या अँगलांवरून आणि पानाफांद्यांतून येताना काही प्रमाणात आडवी होते, ती आडव्या अँटेनाला सापडते.

आता दोन्ही रिसीव्हर सिग्नलच्या बळाचा आकडा देत होते आणि ज्याचा आकडा मोठा त्याची फ्रेम घ्यायची, हा नियम सोपा दिसत होता. मात्र आकड्यांवर विसंबण्याआधी ते तुलनेला योग्य आहेत का, हे पाहणे आवश्यक होते. वर्कशॉपमध्ये सिग्नल जनरेटरवरून दोन्ही रिसीव्हरना उणे १०० डीबीएमचा (डीबीएम हे सिग्नलच्या शक्तीचे एकक) सारखाच सिग्नल दिला, तेव्हा त्यांच्या आकड्यांत चार डेसिबलचा फरक निघाला. हा चिपच्या मोजण्यातला फरक, म्हणून तो वजा करून टाकणे योग्य. दुसरा फरक केबलचा होता. 'अ' ची आठ मीटर केबल आरजी-५८ जातीची होती आणि या लहरींना तिच्यात मीटरमागे साधारण अर्धा डेसिबल घट होते, म्हणजे सुमारे चार डेसिबल. आकड्यात दोन्ही फरक अगदी सारखे दिसतात, पण स्वभाव उलटे आहेत. केबलमध्ये सिग्नल घटतो आणि रिसीव्हरचा स्वतःचा नॉइज, म्हणजे नको असलेली खरखर, मात्र आहे तेवढाच राहतो, म्हणजे चॅनल खरोखरच तेवढा कमजोर झालेला असतो. हा फरक वजा केला तर कमजोर चॅनलला फुकटचे गुण मिळतात. याच्या उलट 'ब' च्या अँटेनापाशी जो छोटा ॲम्प्लिफायर बसवला होता, तो सिग्नलबरोबर नॉइजही वाढवत होता. त्याने आकडा १५ डेसिबलने फुगला, पण चॅनल १५ डेसिबलने सुधारला नव्हता.

म्हणून आम्ही आकड्याची तुलना दुसऱ्या चॅनलशी थेट न करता प्रत्येक चॅनलची त्याच्याच नॉइजशी केली. २०० किलोहर्ट्झ रुंदीत निव्वळ उष्णतेमुळे असणारा नॉइज उणे १२१ डीबीएम येतो. रिसीव्हरची स्वतःची भर सहा डेसिबल धरली तर उणे ११५. दोन फ्रेमच्या मधल्या रिकाम्या वेळात प्रत्येक रिसीव्हर आपल्या नॉइजची पातळी, म्हणजे तळ, मोजून ठेवी आणि फ्रेम येताना तिचे बळ त्या तळापेक्षा किती वर आहे, ते पाही. या एका बदलाने निवड पुष्कळ सुधारली आणि आम्ही येथेच थांबलो असतो, पण नोंदवहीत पुढीलसारख्या ओळी वारंवार दिसू लागल्या: 'अ' उणे ८४, फ्रेम चूक, 'ब' उणे ९३, फ्रेम बरोबर. 'अ' नऊ डेसिबलने वरचढ असूनही त्याच्या हाती कचरा येत होता.

कारण शोधायला कोणत्या लहरीवर किती सिग्नल आहे ते दाखवणारा स्पेक्ट्रम ॲनालायझर बागेत न्यावा लागला. उभी अँटेना खांबाच्या टोकाला असल्याने तिला महामार्गाच्या बाजूचे सगळे मोकळे दिसत होते, आणि तिकडच्या टोलनाक्यावरील फास्टॅग वाचणारे रीडर याच ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात काम करतात. त्यांना ४ वॅटपर्यंत शक्तीची मुभा आहे आणि आमचा ट्रान्समीटर १०० मिलिवॅटचा, तोही पानांच्या भिंतीआड. यात कोणाचा दोष नव्हता. पट्टा सर्वांचा आहे आणि रीडर आपल्या मर्यादेतच होता. आम्ही आमची लहर थोडी बाजूला सरकवली, त्याने त्रास कमी झाला, पण दोन मेगाहर्ट्झच्या गल्लीत सरकून सरकून सरकणार किती? शिवाय रीडरचे बोलणे सलग नसते. गाडी आली की तो बोलतो, मग गप्प बसतो, त्यामुळे फ्रेमच्या आधी मोजलेला शांत तळ फ्रेम येईपर्यंत शांत राहीलच याचा भरवसा नाही. बळाच्या आकड्यावर चालणारा निवडकर्ता अशा वेळी 'ज्याचा आवाज मोठा, त्याचे खरे' या न्यायाने नेमका बिघडलेला चॅनल उचलतो.

मग निवडीचा आधारच बदलला. बळ न पाहता चुका पाहायच्या, आणि निवड फ्रेम येण्याआधी न करता ती पूर्ण आल्यानंतर करायची. दोन्ही रिसीव्हर आपापली प्रत पूर्ण घेतात, मायक्रोकंट्रोलर त्या मेमरीत शेजारी शेजारी ठेवतो आणि शेवटच्या १६ बिटांच्या सीआरसीवरून, म्हणजे बाकीच्या बिटांवरून काढलेल्या पडताळणीच्या आकड्यावरून, प्रत निर्दोष आहे का ते तपासतो. दोन्ही निर्दोष असतील तर त्या सारख्याच असतात आणि निवडीचा प्रश्नच उरत नाही. एकच निर्दोष असेल तर निवड आपोआप होते. विमानांच्या उड्डाण-चाचण्यांत वापरल्या जाणाऱ्या आयआरआयजी १०६ या टेलिमेट्री मानकाने २०१७ च्या आवृत्तीत हीच दिशा धरलेली आहे: प्रत्येक रिसीव्हरने डेटाच्या तुकड्याबरोबर, त्यातला बिट चुकण्याच्या शक्यतेवरून काढलेला १६ बिटांचा गुणांक जोडावा आणि निवडकर्त्याने बळाऐवजी तो गुणांक पाहावा. तेथे डेटा अखंड वाहत असल्याने आणखी एक अडचण असते. दोन केंद्रांपर्यंतच्या अंतरात ३०० मीटरचा फरक असला तर सिग्नल एक मायक्रोसेकंद उशिरा पोचतो, आणि सेकंदाला एक कोटी बिटांच्या वेगात तेवढ्यात दहा बिट निघून जातात. म्हणून निवड करण्याआधी सगळे प्रवाह बिटाला बिट लावून जुळवावे लागतात. आमच्या फ्रेमवर क्रमांक असल्याने ते कष्ट वाचले.

खरे कुतूहलाचे प्रकरण उरते ते दोन्ही प्रती सदोष असतानाचे. दोन प्रती शेजारी ठेवून पाहिल्या की बहुतेक बिट जुळतात आणि मोजक्या जागी मतभेद असतो. दोन्ही प्रतींची चूक एकाच बिटावर झालेली नसेल, तर खरी फ्रेम या मतभेदाच्या जागांमध्येच दडलेली असते. त्या जागी शून्य आणि एक यांचे सगळे पर्याय घालून पाहायचे आणि सीआरसी जुळला की थांबायचे. चार जागा असतील तर पर्याय १६, आठ असतील तर २५६. मायक्रोकंट्रोलरला दोन्ही किरकोळ आहेत. सोबतचा तरुण सहकारी आठ जागांपर्यंत जायला उत्सुक होता आणि पडदा भरलेला दिसावा म्हणून मलाही मोह झाला होता. पण १६ बिटांचा सीआरसी निव्वळ योगायोगाने जुळण्याची शक्यता ६५,५३६ मध्ये एक असते, आणि प्रत्येक नव्या पर्यायागणिक आपण तो योगायोग पुन्हा आजमावत असतो. १६ पर्यायांत ती शक्यता ४,०९६ मध्ये एक होते, २५६ पर्यायांत २५६ मध्ये एक. निर्यातीच्या द्राक्षांना फवारणीची नोंद द्यावी लागते. तेथे फ्रेम हरवली तर जागा कोरी दिसते, पण खोटी फ्रेम खऱ्याचे कपडे घालून नोंदीत बसते. म्हणून चार जागांपलीकडे जायचे नाही, दुरुस्त झालेल्या प्रत्येक फ्रेमवर तशी खूण ठेवायची आणि ५० मिलिसेकंदांत दाब जेवढा बदलूच शकत नाही तेवढा बदल दाखवणारी दुरुस्ती टाकून द्यायची, असे ठरले. माझ्या मते निवडीचा नियम किती फ्रेम वाचवतो यापेक्षा किती खोट्या फ्रेम आत सोडतो, हे आधी विचारावे.

परतीच्या संदेशासाठीही हीच निवड कामी आली. फ्रेम मिळाल्याची पोच ट्रॅक्टरला द्यायची असते आणि ती कोणत्या अँटेनावरून द्यावी, हा प्रश्न होता. फ्रेम संपल्यापासून तीन मिलिसेकंदांत पोच निघते. तेवढ्यात ट्रॅक्टर चार मिलिमीटरही सरकत नाही, म्हणजे लहरींच्या वाटा होत्या तशाच असतात आणि ज्या अँटेनावर ही फ्रेम नीट आली, त्याच अँटेनावरून पोच नीट जाते. येथे सरासरी काढण्याची किंवा मागचा इतिहास पाहण्याची गरज पडली नाही. पडद्यावर 'सध्याचा चॅनल' म्हणून जे अक्षर दिसते, ते मात्र प्रत्येक फ्रेमला बदलू लागले तर पाहणाऱ्याला यंत्र बिघडल्यासारखे वाटते. म्हणून त्यासाठी प्रत्येक चॅनलला बरोबर फ्रेममागे गुण देऊन, चुकीमागे कापून, आघाडी ठरावीक मर्यादेपलीकडे गेली तरच अक्षर बदलण्याची तजवीज केली. त्याचा नोंदीशी काही संबंध नाही.

पाण्याची टाकी भरायला जाताना ट्रॅक्टर रस्त्यावर ताशी २५ किलोमीटरने धावतो. तेव्हा एका फ्रेमच्या काळात तो साडेतीन सेंटिमीटर, म्हणजे लहरलांबीचा दहावा भाग सरकतो आणि फ्रेमचा आरंभ चांगला, शेवट खराब असे प्रकार दिसतात. त्या वेळी ब्लोअर बंद असतो, म्हणून तिकडे आम्ही फार लक्ष दिले नाही.

बागेच्या पश्चिमेकडील ओळी शेततळ्याच्या भरावामागे जातात. तेथे दोन्ही चॅनल एकदमच बसत, कारण आडोसा दोन्ही अँटेनांना सारखाच होता. एकाच खांबावरच्या अँटेना परावर्तनाच्या खड्ड्यांवर उपाय ठरतात, मातीच्या भिंतीवर नाही. म्हणून तिसरा रिसीव्हर भरावापलीकडच्या पंपहाउसवर बसवला आणि लहरींची लांब केबल ओढण्याऐवजी तेथेच फ्रेम उकलून ती आरएस-४८५ या डेटा वाहून नेणाऱ्या जोडणीच्या तारांवरून शेडपर्यंत आणली. ही प्रत खांबावरच्या प्रतींपेक्षा काही मिलिसेकंद उशिरा येते, त्यामुळे खांबावरची एखादी प्रत निर्दोष असेल तर निवडकर्ता तीच उचलून लगेच पोच धाडतो. तसे नसेल तर पहिली प्रत आल्यापासून २५ मिलिसेकंद तिसरीची वाट पाहतो आणि फ्रेमच्या क्रमांकावरून ती जुळवतो. पुढची फ्रेम ५० मिलिसेकंदांनी येणार असल्याने दोन फ्रेमची सरमिसळ होत नाही. तीन प्रती हाती आल्यावर सदोष फ्रेमसाठी आधी बिटागणिक बहुमत घेता येते आणि चार जागांचा उपाय त्यानंतर येतो. तो लागण्याचे प्रसंग बरेच कमी झाले.

तरीही भरावाच्या कोपऱ्यातला एक छोटा पट्टा असा राहिला, की जेथे तिन्ही चॅनलना काहीच ऐकू येत नाही आणि निवडण्याजोगे काही नसते. तेथे रिसीव्हरच्या बाजूने करण्यासारखे उरले नव्हते. ट्रॅक्टरवरच्या ट्रान्समीटरलाच पोच न मिळालेल्या फ्रेम मेमरीत साठवायला लावल्या आणि पट्ट्यातून बाहेर पडल्यावर, नव्या फ्रेमच्या मधल्या मोकळ्या वेळात, त्या जुन्या क्रमांकांनी पुन्हा पाठवायला लावल्या. पडद्यावर ट्रॅक्टर तेथे अजूनही काही वेळ दिसेनासा होतो. नोंदीतली ती जागा तो ओळीच्या टोकाला वळेपर्यंत भरून आलेली असते.